पीएसएटीनंतर येणारं कॉलेजांचं टपाल

ताई, लेकीची पहिलीच पीएसएटी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची सराव परीक्षा, आहे ना? घाबरू नका, सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. 'स्टुडंट सर्च सर्व्हिस', म्हणजे कॉलेजांना विद्यार्थी शोधून देणारी सेवा, ऐच्छिक आहे. होकार दिला की कॉलेज बोर्ड (ही परीक्षा घेणारी संस्था) मुलांची माहिती कॉलेजांना पैसे घेऊन पुरवतं. नकार दिल्याने गुण कमी होत नाहीत. आधी दिलेला होकार नंतर काढूनही घेता येतो.

२. आवडीचा विषय, पालकांचं शिक्षण असे प्रश्न विचारले, तरी ते सक्तीचे नसतात. आपली मुलं मात्र आज्ञाधारकपणे सगळे रकाने भरतात; माझ्या मुलानेही भरले होते. लेकीला आदल्या रात्रीच शेजारी बसवून हे समजावा. परीक्षा शाळेतच आहे म्हणून गाफील राहू नका. न्यूयॉर्कमध्ये शाळेत झालेल्या परीक्षांतून मिळालेली माहिती विकल्याच्या प्रकरणात कॉलेज बोर्डाला २०२४ मध्ये साडेसात लाख डॉलर भरावे लागले.

३. कॉलेजांसाठी वेगळा ईमेल पत्ता उघडा.

आणि सगळ्यांची होणारी चूक: 'तुझ्यासारख्या विद्यार्थिनीच्या आम्ही शोधात आहोत' असं पत्र आलं की घरात पेढे वाटायची घाई. ती जाहिरात असते, प्रवेश नव्हे. लेकीला हे हळुवारपणे सांगा, कारण मुलं अशा पत्रांवर मनापासून विश्वास ठेवतात.

अर्ज, शिष्यवृत्ती वगैरे पुढच्या वर्षी बोलू.