वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरचा सुरुवातीचा इतिहास अभ्यासायचा आहे. अनेक नळ्यांचा बॉयलर नक्की कोणी शोधला? सुरुवात कुठून करू?

‘कोणी शोधला’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. या विषयात नवीन शिरलेला जवळपास प्रत्येक जण तिथेच अडकतो, कारण जुनं लेखन बरंचसं घरच्या माणसांनी केलेलं आहे. सुरुवातीची इंजिनं बांधणाऱ्यांपैकी रिचर्ड ट्रेव्हिथिकचं चरित्र त्याच्या मुलाने लिहिलं (1872), टिमथी हॅकवर्थचं नातवाने (1923). जॉर्ज आणि रॉबर्ट या स्टीफन्सन बापलेकांना तर वकिलांची कधीच वानवा नव्हती. वापरून झालेली वाफ चिमणीत सोडून आगीची ओढ वाढवायची युक्ती कोणाची, यावर या मंडळींनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत.

त्यापेक्षा मापं काढा. वाफ किती होणार हे मुख्यतः आगीचा ताव पाण्याला किती पत्र्यातून लागतो यावर ठरतं. आगीची धग आतून नेणारी, दोन फूट व्यासाची, दहा फूट लांबीची एकच नळी पाण्यातून गेलेली धरा: साधारण 63 चौरस फूट. आता स्टीफन्सनांचं 1829 चं ‘रॉकेट’ इंजिन घ्या. तांब्याच्या 25 नळ्या, प्रत्येकी तीन इंच व्यासाची, सहा फूट लांब. गुणाकार करा, 118 च्या आसपास येतो. भट्टीचे सुमारे 20 मिळवले की 138, आणि तेही त्याहून आखूड बॉयलरमध्ये. हॅकवर्थच्या ‘सान्स पारेल’ इंजिनाची नळी इंग्रजी यू सारखी वळून परत यायची, त्यामुळे भट्टीचं दार आणि चिमणी एकाच टोकाला असायची. कोळसेवाला एका टोकाला, चालक दुसऱ्या टोकाला! एवढं करूनही पृष्ठभाग 90 चौरस फुटांपर्यंतच पोचला. 1829 मध्ये इंग्लंडात रेनहिलला झालेली इंजिनांची स्पर्धा ‘रॉकेट’ने जिंकली, तो निकाल पुष्कळसा या आकड्यांत आहे. ही मापं निकोलस वूडच्या रेल्वेवरच्या पुस्तकात मिळतील. तो त्या स्पर्धेचा एक पंच होता. पहिली आवृत्ती 1825 ची आहे, म्हणजे स्पर्धेच्या आधीची, तेव्हा नंतरची आवृत्ती बघा.

मग पत्रांकडे वळा. ‘रॉकेट’ न्यूकॅसलला तयार होत होतं आणि नळ्यांची कल्पना सुचवणारा हेन्री बूथ (लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचा चिटणीस) लिव्हरपूलला होता, म्हणून रॉबर्ट स्टीफन्सनला सगळं लिहून कळवावं लागलं. आपलं नशीब! चाचणीत चौरस इंचाला 70 पौंडांचा दाब दिल्यावर बॉयलरचं टोकाचं पान बाहेर फुगलं आणि नळ्यांचे सांधे दुखावले. मग आतून आधाराच्या सळया घालाव्या लागल्या. कारखान्यात काम केलेल्या माणसाला अशी दोन वाक्यं अख्ख्या चरित्रापेक्षा जास्त सांगतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. फ्रान्समध्ये मार्क सेगँने अनेक नळ्यांच्या बॉयलरचं पेटंट फेब्रुवारी 1828 मध्ये घेतलं, म्हणजे ‘रॉकेट’च्या आधी. पण त्याच्या इंजिनात ओढीसाठी चिमणीतली वाफ नव्हे, तर मागच्या टेंडरवर (कोळसा-पाण्याच्या डब्यावर) पंखे होते, चाकांनी फिरणारे. बूथला ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली, असंच बहुतेक इतिहासकार मानतात आणि मलाही तेच पटतं. नळ्या बारीक केल्या की धूर कोंडतो, त्यामुळे ओढीचा बंदोबस्त केल्याशिवाय नुसत्या नळ्यांचा उपयोग नाही. म्हणून श्रेय वाटताना दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

दोन ठिकाणी सांभाळा. अमेरिकेच्या जॉन स्टीव्हन्सचं नाव याच यादीत दिसेल, पण त्याच्या नळ्यांत पाणी होतं आणि आग बाहेर. ते घराणंच वेगळं. दुसरं म्हणजे संग्रहालयातलं ‘रॉकेट’ पाहून 1829 चं चित्र काढू नका. स्पर्धेनंतर त्यात पुष्कळ बदल झाले. तिरपे सिलिंडर जवळजवळ आडवे झाले, पुढे धूरपेटी आली. भट्टी बॉयलरच्याच पोटात घेतलेलं ‘नॉर्थम्ब्रियन’ 1830 चं. पुढची शंभर वर्षं चाललेला नमुना मला तरी तिथून सुरू झालेला दिसतो.

आणि अपघात वगळू नका. सप्टेंबर 1803 मध्ये ग्रिनिचला ट्रेव्हिथिकचा बिडाचा बॉयलर फुटून चौघे मेले. प्रतिस्पर्ध्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. त्यानंतर ट्रेव्हिथिकने एकाऐवजी दोन सुरक्षा झडपा आणि शिशाची खुंटी सुचवली: पाणी कमी झालं की शिसं वितळून वाफ आगीवर सुटावी. त्याच खुंटीचे वंशज पुढे वाफेची इंजिनं संपेपर्यंत भट्टीच्या माथ्यावर बसत राहिले.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर 1853 ची बोरीबंदर–ठाणे गाडी घ्या. ती ओढणारी इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची होती, आणि त्या कारखान्यात सुरुवातीच्या काळात रॉबर्ट स्टीफन्सन भागीदार होता. जुनी इंग्रजी पुस्तकं बहुतेक स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहेत, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. आकृत्यांची पानं मात्र स्कॅन करताना बऱ्याचदा दुमडलेलीच राहतात, म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती उघडून बघा.