24 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला किती फुटांचा रोटरी कटर लावावा?

आपला प्रश्न असा आहे की, रत्नागिरी जिल्ह्यातील सहा एकर हापूसच्या बागेत गवत आणि रानमोडीची झुडपे कापण्यासाठी 24 एचपीच्या फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टरला 4 फुटांचा रोटरी कटर (आडव्या फिरणाऱ्या पात्यांचे कापणीचे अवजार) घ्यावा, की विक्रेता सुचवतो तसा 5 फुटांचा. मी स्वतः कातळाच्या बागेत याच वर्गातील ट्रॅक्टरवर कटर चालवतो. माझे मत 4 फुटांच्या बाजूने आहे, आणि त्याचे मुख्य कारण इंजिनाच्या ताकदीपेक्षा आपल्या ट्रॅक्टरच्या वजनात दडलेले आहे.

आधी ताकदीचा हिशेब पाहू, कारण विक्रेता त्याच्याच आधारे बोलत असतो. ट्रॅक्टरवर लिहिलेले 24 एचपी हे इंजिनाचे असतात. कटर मात्र पीटीओवर, म्हणजे अवजारांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्यावर चालतो आणि तिथे पोहोचेपर्यंत त्यातले साधारण 18 ते 21 एचपी उरतात. रोटरी कटरच्या बाबतीत रुंदीच्या दर फुटामागे पीटीओवरचे 5 एचपी धरावेत, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. त्यानुसार 4 फुटांना 20 आणि 5 फुटांना 25 एचपी लागतात. गुडघाभर मऊ गवतात फुटामागे 4 एचपीवरही काम निभावते, म्हणून दुकानाच्या आवारात किंवा सपाट मैदानात 5 फुटांचा कटर सहज फिरताना दिसतो. सप्टेंबरअखेरीस पुरुषभर वाढलेले, मुळाशी दाट आणि पावसाने ओले झालेले गवत, आणि त्यात अंगठ्याएवढ्या जाड खोडाची रानमोडी, हे काम वेगळे आहे. तिथे इंजिनाचे फेरे कमी होऊ लागले की पात्यांचा वेगही उतरतो, गवत कापले जाण्याऐवजी चेपून पडते आणि कटरखाली गोळा होऊ लागते.

आता वजनाकडे येतो, कारण माझ्या मते या प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो. थ्री पॉइंट लिंकेजवर (ट्रॅक्टरमागच्या, अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांच्या जोडणीवर) टांगलेला कटर मागच्या आसाच्या बराच मागे लोंबत असतो, आणि तो उचलला की मागचा आस टेकूसारखा वागून पुढच्या चाकांवरचा भार कमी करतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ. ट्रॅक्टरचे वजन 700 किलो, त्यातले 280 किलो पुढच्या चाकांवर, आणि दोन्ही आसांमधील अंतर 1.5 मीटर. कटर 200 किलोचा असून त्याच्या वजनाचा मध्य मागच्या आसापासून 1.5 मीटर मागे आहे, असे समजा. तो उचलताच पुढच्या चाकांवरचे 200 किलो उतरतात आणि तिथे फक्त 80 किलो उरतात. एकूण वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढे असावा, म्हणजेच या जोडणीत 180 किलो असावा, असा सुरक्षिततेचा साधारण संकेत आहे. ही तूट भरून काढण्यासाठी पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे असलेल्या बंपरवर जवळपास 90 किलोची वजने लावावी लागतात. हा हिशेब 200 किलोच्या कटरचा झाला. 5 फुटांचा कटर त्याहून जड असतो आणि लांब असल्यामुळे त्याच्या वजनाचा मध्यही आणखी मागे जातो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बिघडतात. सपाटीवर याचा परिणाम स्टिअरिंग हलके लागण्यापुरता राहतो, परंतु आपल्याकडच्या उतारावर चढ चढताना पुढची चाके उचलली गेली तर ट्रॅक्टर उलथण्याचा धोका खरा आहे, आणि अनेक मिनी ट्रॅक्टरना चालकाच्या डोक्यामागे संरक्षक चौकटही नसते. म्हणून कटर कोणताही घेतला तरी उतारावर तो जमिनीलगत ठेवूनच चालवावा, उताराला आडवे जाणे टाळून सरळ वर-खाली चालवावे, आणि पुढची वजने कटरच्या किमतीतच धरून घ्यावीत.

हायड्रॉलिकच्या उचलक्षमतेचा आकडा इथे फसवा ठरतो. माहितीपत्रकातील 700 किंवा 750 किलो हा आकडा बहुधा लोअर लिंकच्या (त्या जोडणीतल्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकापाशी मोजलेला असतो, आणि वजन जसजसे मागे सरकते तसतशी ही क्षमता झपाट्याने घटते. तरीही तेवढी ताकद हायड्रॉलिकमध्ये असू शकते आणि कटर उचललाही जाईल, मात्र त्यामुळे पुढची चाके जमिनीवर राहतील असे मुळीच ठरत नाही.

रुंदी फार कमी करूनही चालत नाही, कारण कटरने मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे गवत कापायला हवे. मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी साधारण 1.1 ते 1.2 मीटर असते आणि 4 फूट म्हणजे 1.22 मीटर. म्हणजे ही रुंदी चाकांना जेमतेम झाकते, तर साडेतीन फुटांच्या कटरमागे चाकाखाली दबलेल्या गवताची पट्टी उभी राहू शकते. खरेदीपूर्वी आपल्या ट्रॅक्टरची चाके टेपने मोजून घ्यावीत. कलमांच्या खाली शिरताना कटर थोडा एका बाजूला सरकवून बसवता आला तर फार सोय होते, म्हणून तशी जोडणी मिळते का, हेही विचारावे.

वेळ वाचेल म्हणून 5 फुटांचा मोह होतो, तर तेही मोजून पाहू. ताशी 3 किलोमीटर वेग, प्रत्येक पट्ट्यात थोडे आच्छादन आणि वळणांत जाणारा वेळ धरला तर 4 फुटांच्या कटरने एकराला साधारण एक तास चाळीस मिनिटे लागतात, आणि 5 फुटांच्या कटरने एक तास वीस मिनिटे. सहा एकरांत फरक जेमतेम दोन तासांचा पडतो, तोही दोन्ही कटर सारख्याच वेगाने चालले तर. दाट गवतात 5 फुटांना वेग कमी करावा लागला की हे दोन तासही हातात राहत नाहीत.

जोडणीच्या बाबतीत लोअर लिंकच्या पिना पाहाव्यात. लहान ट्रॅक्टरना कॅटेगरी 1 च्या 22 मिलिमीटरच्या पिना लागतात, तर मोठ्या ट्रॅक्टरसाठी केलेल्या अवजारांना 28 मिलिमीटरच्या कॅटेगरी 2 पिना असतात. पिनेचा व्यास जुळला तरी काही अरुंद मिनी ट्रॅक्टरमध्ये दोन लोअर लिंकमधील अंतर कमी असते, त्यामुळे कटर प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पीटीओची ताकद कटरपर्यंत नेणाऱ्या पीटीओ शाफ्टवर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण लहान ट्रॅक्टरचे मोठे नुकसान इथे होऊ शकते. ट्रॅक्टरचा पीटीओ आणि कटरचा गिअरबॉक्स यांतील अंतर मिनी ट्रॅक्टरमध्ये कमी असते. कटरसोबत आलेला शाफ्ट लांब असेल तर कटर वर उचलताना त्याच्या दोन नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून आदळतात आणि तो धक्का थेट पीटीओच्या बेअरिंगवर बसतो. म्हणून शाफ्ट सर्वांत आखूड होतो त्या स्थितीत किमान 25 मिलिमीटर मोकळे राहतील असा कापून घ्यावा, आणि सर्वांत लांब होतो त्या स्थितीत नळ्या किमान एकतृतीयांश एकमेकींत राहतील, हे पाहावे. आपल्या ट्रॅक्टरमध्ये चाके आणि पीटीओ दोन्ही एकाच क्लचवर चालत असतील तर ओव्हररनिंग क्लच (कटरकडून ट्रॅक्टरकडे उलटा जोर येऊ न देणारी जोडणी) अत्यावश्यक समजावा. फिरत्या पात्यांमध्ये इतका जोर साठलेला असतो की आपण क्लच दाबला तरी ती शाफ्टमार्फत गिअरबॉक्स फिरवत राहतात आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. समोर गडगा (दगडी कुंपण) किंवा कलमाचे खोड असताना हे घडणे किती धोक्याचे आहे, ते सांगायला नको. हा क्लच बसवल्यावर जोडणीची लांबी वाढते, म्हणून तो बसवून मगच शाफ्ट कापावा.

जांभ्याच्या जमिनीत पाते दगडावर आपटणे टळत नाही. त्यासाठी पाती घट्ट बोल्टने जखडलेली नसून थाळीला झुलती लावलेली असावीत, म्हणजे दगड लागताच ती मागे वळतात. जास्त जोर आला की तुटणाऱ्या शिअर बोल्टपेक्षा, तशा वेळी नुसता घसरणारा स्लिप क्लच मला अधिक पसंत आहे, कारण बोल्ट प्रत्येक वेळी बदलत बसावे लागत नाही, आणि मजूर घाईत त्या जागी साधा कडक बोल्ट घालून सगळे संरक्षण घालवून बसत नाही. मात्र पावसाळाभर पडून राहिलेल्या स्लिप क्लचच्या तबकड्या गंजून चिकटतात. हंगामाच्या सुरुवातीला त्याचे नट थोडे सैल करून तो एकदा घसरवून घ्यावा आणि पुन्हा पूर्वीच्या मापाला आवळावा.

पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवरच चालवावा. काही मिनी ट्रॅक्टरना याहून जास्त फेऱ्यांचा दुसरा पीटीओ गिअर असतो, तो या कामाला वापरू नये. गिअरबॉक्स वेग दीडपट करत असेल तर पाती मिनिटाला सुमारे 800 फेरे घेतात, आणि 4 फुटांच्या वर्तुळाच्या कडेला पात्याच्या टोकाचा वेग ताशी 180 किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगाने उडालेला जांभ्याचा तुकडा किती दूर जाईल याचा विचार करून पुढे-मागे साखळ्यांचे पडदे असलेलाच कटर घ्यावा, आणि काम चालू असताना शंभर मीटरच्या आत कोणालाही येऊ देऊ नये. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण कधीही काढू नये आणि खांद्यावर पंचा टाकून त्याच्याजवळ जाऊ नये.

कापणीची उंची 3 ते 4 इंच ठेवावी. कटरची पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली असू द्यावी, म्हणजे पाती एकदाच कापतात आणि ताकद कमी लागते. आपल्या बागेत एकाच मोठ्या कापणीऐवजी दोन कापण्या कराव्यात असे मी सुचवेन. पहिली ऑगस्टअखेरीस उघडीप मिळेल तेव्हा, गवत निबर होण्यापूर्वी, आणि दुसरी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. यामुळे 4 फुटांच्या कटरला कधीच पुरुषभर गवत पेलावे लागत नाही, कापलेले गवत कलमांच्या आळ्यात आच्छादनाला मिळते आणि वणव्याच्या दिवसांत बागेत वाळलेले उभे गवत उरत नाही. दुसऱ्या कापणीच्या वेळी गवताचे तुरे आणि बी रेडिएटरच्या जाळीवर बसतात, म्हणून दर तासाला इंजिन बंद करून ती जाळी झाडून घ्यावी.

विक्रेत्याकडे आपला स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन जा. दोन्ही मापांचे कटर आळीपाळीने लावून पूर्ण उचलायला सांगा, आणि पीटीओ बंद असताना सावकाश ट्रॅक्टर चालवून स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहा. 5 फुटांचा कटर उचललेला असताना पुढची चाके वळूनही ट्रॅक्टर सरळ घसरत जात असेल, तर तो कटर तिथेच ठेवून यावा.