पावसातली नापा-सोनोमा सहल आणि भाड्याची आरव्ही : वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियाचा पाऊस हिवाळ्यात पडतो. साधारण नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत पॅसिफिकवरून ढगांचे लोट येतात आणि याच काळात गर्दी कमी, भाडे कमी म्हणून आपली अनेक कुटुंबे आरव्ही (झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली घरासारखी मोटारगाडी) घेऊन नापा आणि सोनोमाच्या द्राक्षमळ्यांकडे निघतात. आरव्हींची दुरुस्ती आणि तपासणी हा माझा व्यवसाय असल्यामुळे या दिवसांत मला पत्रे येतात आणि दर वर्षी त्यांत तेच गैरसमज असतात. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही नाशिकचे द्राक्ष बागायतदार आहोत. फेब्रुवारीत मुलाकडे येणार आहोत. तेव्हा नापामध्ये घड लगडलेले पाहायला मिळतील का?

उत्तर : नाही. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होऊन जानेवारी ते मार्चमध्ये माल निघतो. तिकडे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आटोपते आणि फेब्रुवारीत वेली निष्पर्ण असतात. मात्र त्या वेळी तेथे छाटणी चालू असते आणि ओळींमधून मोहरी फुललेली असते. बागायतदाराने पाहावे असे त्यात पुष्कळ आहे. वाइनची चव घेण्यासाठी बहुतेक वायनरींमध्ये (वाइन तयार करण्याच्या ठिकाणी) आधी वेळ ठरवावी लागते, तेव्हाच छाटणी पाहण्याविषयीही विचारून घ्यावे.

प्रश्न : महाराष्ट्रातील वाहन परवान्यावर आरव्ही चालवता येते का? (पुणे)

उत्तर : पर्यटक म्हणून आलेल्या प्रौढ व्यक्तीला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते आणि भाड्याने मिळणाऱ्या सर्वसाधारण आरव्हीसाठी वेगळा व्यावसायिक परवाना लागत नाही. तरीही भाडे कंपनी आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकते, वयाची अट घालू शकते, आणि विमा कंपनीचे नियम त्याहून निराळे असू शकतात. म्हणून दोघांकडूनही लेखी उत्तर घ्यावे.

प्रश्न : जाहिरातीत रात्रीचे भाडे हॉटेलपेक्षाही स्वस्त दिसते. मग लोक आरव्ही महाग का म्हणतात? (शिकागो)

उत्तर : कारण जाहिरातीतला आकडा हे संपूर्ण भाडे नसते. मैलांचे पैसे वेगळे, जनरेटरच्या तासांचे वेगळे, भांडी आणि अंथरूण-पांघरुणाचे वेगळे, सांडपाण्याची टाकी न रिकामी करता गाडी परत दिली तर दंड वेगळा आणि विमा त्याहून वेगळा. हे सारे छोट्या अक्षरांत छापायचे आणि ग्राहक काउंटरवर आल्यानंतर सांगायचे, ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते. पावसाळ्यात विम्याचे कलम विशेष लक्ष देऊन वाचावे. गाडीचे छत, तळाची बाजू आणि दाराबाहेर उघडणारी ऑनिंग (सावलीचे कापडी छप्पर) यांचे नुकसान अनेक करारांत विम्याबाहेर ठेवलेले असते आणि वादळी पावसात नेमके यांचेच नुकसान होते. करार आदल्या दिवशी मागवून घ्यावा आणि न समजलेले प्रत्येक कलम विमा सल्लागाराला विचारावे.

प्रश्न : आरव्ही पाच टनांची असते, त्यामुळे रस्त्यावरच्या पाण्यातून ती सहज निघते, असे मित्राने सांगितले. आम्हाला रशियन नदीकाठच्या वायनरींना जायचे आहे. (फ्रीमाँट)

उत्तर : मित्राचे म्हणणे धोकादायक आहे. साधारण दोन फूट वाहते पाणी बहुतेक वाहनांना रस्त्यावरून ढकलून नेऊ शकते. पाण्यात बुडालेला भाग गाडीला वर उचलतो, मग गाडीचे वजन कामाला येत नाही, आणि उंच सपाट बाजूंवर वारा आदळत असतो तो निराळाच. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला आहे, हे ड्रायव्हरच्या जागेवरून कळत नाही. गर्नव्हिल येथे रशियन नदीची पूरपातळी 32 फूट मानली जाते. फेब्रुवारी 2019 मध्ये ती 45 फुटांवर गेली आणि गावाचे बेट झाले. त्यामुळे राष्ट्रीय हवामान सेवेने त्या नदीसाठी पुराचा इशारा दिला असेल तर नदीकाठच्या रिव्हर रोड आणि मार्ग 116 या रस्त्यांचा विचार सोडून द्यावा. नापाहून सोनोमाला जाताना नकाशा जवळचा म्हणून ओकव्हिल ग्रेडचा घाट दाखवतो, तो आरव्हीसाठी नाही. कार्नेरोसमधून जाणारा मार्ग 12 आणि 121 चा सपाट रस्ता घ्यावा, परंतु शेलव्हिलजवळ त्यावरही पाणी भरते, म्हणून निघण्यापूर्वी राज्य परिवहन विभागाचा क्विकमॅप हा रस्त्यांची स्थिती दाखवणारा ऑनलाइन नकाशा पाहावा किंवा वाहतुकीची माहिती देणाऱ्या 511 ला फोन करावा. वायपर सतत चालू असतील तर हेडलाइट लावणे येथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

प्रश्न : आई-वडील भारतातून आले आहेत. गाडीत पोळ्या किंवा फोडणी केली की अलार्म वाजतो, म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवली तर चालेल का? आईचे गुडघे थंडीने दुखतात. रात्री गॅसची शेगडी मंद ठेवून किंवा जनरेटर चालू ठेवून गाडी उबदार राखता येईल ना? एक खिडकी इंचभर उघडी ठेवली की धोका राहत नाही, असे वाचले आहे. (सॅन होजे)

उत्तर : चालणार नाही. या पत्रातील चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि याच प्रश्नासाठी मी हे सदर लिहीत असल्यामुळे सविस्तर सांगतो.

पाऊस लागला की माणूस खिडक्या लावतो, छताचे झरोके बंद करतो आणि ऊब शोधतो. कोरड्या हवेत जी गाडी आपोआप हवेशीर राहिली असती, ती अशा रात्री बंद पेटी होते. त्या पेटीत प्रोपेनची, म्हणजे गाडीतल्या गॅसची, शेगडी तासन्‌तास जळली की ती आतलाच ऑक्सिजन वापरते, खोलीत पाण्याची वाफ सोडते आणि हवा अपुरी पडू लागली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार करते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, त्यामुळे हवेतील थोडे प्रमाणही शरीराला महाग पडते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. आता विचार करा : नुकताच विमानप्रवास झालेला, दिवसभर वळणांचा रस्ता, दुपारी दोन ठिकाणी वाइन घेतलेली. कोणीही म्हणेल की जेट लॅग असेल, गाडी लागली असेल, वाइन चढली असेल, आता झोपू द्या. मला सर्वांत भीती याच वाक्याची वाटते, कारण झोपलेल्या माणसाला लक्षणे कळत नाहीत. गाडीतील एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर ते वायूचे लक्षण समजावे.

जनरेटरचे तसेच. त्याचा धूर गाडीखालून किंवा बाजूने बाहेर पडतो; शेजारी भिंत असेल, झुडूप असेल, चाके चिखलात रुतून नळीचे तोंड झाकले गेले असेल किंवा वारा फिरला, तर तो धूर परत आत येतो. इंचभर उघडलेल्या खिडकीतून तो बाहेर जाण्याऐवजी आतही येऊ शकतो. शेजारच्या गाडीच्या जनरेटरचा धूरही तुमच्याच खिडकीतून येतो. म्हणून झोपताना जनरेटर बंद म्हणजे बंद. ऊब हवी असेल तर वीजजोडणी असलेली जागा आधीच आरक्षित करावी. नापा शहरालगतच्या स्कायलाइन उद्यानात ती मिळते. गाडीचा मूळचा हीटर जळलेला वायू बाहेर टाकतो आणि सुस्थितीत असेल तर तो वापरण्यास हरकत नाही. मात्र बाहेरच्या जाळीत कुंभारमाशी मातीचे घर करते आणि मार्ग बुजतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. गाडी ताब्यात घेताना ती जाळी टॉर्चने पाहावी आणि हीटरची तपासणी केव्हा झाली, हे विचारावे.

राहिला अलार्म. माझ्याकडे तपासणीला आलेल्या एका गाडीत छतावरच्या यंत्राला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालून रबरबँड लावलेला होता आणि जमिनीलगतच्या यंत्रावर ओला टॉवेल टांगलेला होता. छतावरचे यंत्र धुरासाठी असते. खालचे प्रोपेनसाठी असते, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र काही गाड्यांत त्यातच असते, काहींत वेगळे. टोपी आणि टॉवेल मिळून त्या कुटुंबाने तिन्ही पहारेकरी एकदम झोपवले होते. प्रत्येक यंत्राच्या मागे त्याची मुदत छापलेली असते, ती वाचावी आणि चाचणीचे बटण दाबून पाहावे. चार वेळा बीप, विराम, पुन्हा चार बीप असा आवाज कार्बन मोनॉक्साइडचा असतो. तो आला तर कारण शोधत बसू नये, सामान गोळा करू नये. पाऊस कितीही असो, सर्वांनी बाहेर पडावे, 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा आणि अग्निशमन दलाने सांगेपर्यंत आत जाऊ नये.

फोडणीचा उपाय सोपा आहे. छताचा पंखा चालू करून समोरची खिडकी उघडावी, तव्यावर धूर होऊ देऊ नये आणि शक्य असेल तर पोळ्या घरून करून न्याव्यात. वडिलांना किंवा आईला हृदयविकार, दमा असेल, किंवा कुटुंबात कोणी गरोदर असेल, तर हा वायू त्यांना अधिक लवकर बाधतो. अशा वेळी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. गुडघ्यांविषयीही त्यांनाच विचारावे.

प्रश्न : नवरा प्रत्येक वायनरीत फक्त घोटभर चव घेईल आणि गाडीही तोच चालवेल. एवढ्याने काय होते? (सनीव्हेल)

उत्तर : चालवणाऱ्याने एकही घोट घेऊ नये. कायद्याची मर्यादा रक्तात 0.08 टक्के अल्कोहोल ही असली तरी त्याखालीही वाहन चालवण्याची क्षमता बिघडली असेल तर गुन्हा होतो, आणि चार-पाच ठिकाणचे घोट मिळून किती झाले, हे पिणाऱ्याला सांगता येत नाही. व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट गंभीर आहे : दोष सिद्ध होण्यापूर्वी, केवळ अटकेवरूनही अमेरिकेचे परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. तसे काही घडलेच तर मित्रांचे अनुभव ऐकत बसण्याऐवजी त्याच दिवशी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावे.

प्रश्न : काही वायनरी आरव्हीला रात्रभर थांबू देतात. पावसात गवतावर गाडी लावावी का?

उत्तर : लावू नये. खडी किंवा डांबर असलेली जागा नसेल तर यजमानांना फोन करून बेत बदलावा.

प्रश्न : हवामान खात्याने मोठ्या पावसाचा इशारा दिला आहे, पण भाड्याचे पैसे भरले आहेत. निघायच्या दिवसापर्यंत वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहण्यातच पैसे जातात. रद्द करण्याची मुदत बहुतेक करारांत काही दिवस आधीच संपते, शिवाय वादळाला नाव किंवा इशारा मिळाल्यानंतर काढलेल्या प्रवास विम्यात ते वादळ सहसा धरले जात नाही. आजच कंपनीला फोन करून तारीख पुढे ढकलता येते का, ते विचारावे, मिळालेले उत्तर ईमेलवर घ्यावे, आणि कंपनी ऐकत नसेल तर ज्या क्रेडिट कार्डाने पैसे भरले त्याच्या प्रवास संरक्षणाविषयी बँकेकडे चौकशी करावी.