एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायला त्याच विषयाची डिग्री लागते का?

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय, आणि कर्ज काढून तिला अमेरिकेत एअर ट्रॅफिक मॅनेजमेंट शिकायला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी गेली अकरा वर्षं ही नोकरी करतेय. फक्त कंट्रोलर होण्यासाठी पाठवणार असाल, तर कृपया पाठवू नका.

फ्लोरिडात डेटोना बीचला एम्ब्री-रिडल विद्यापीठ आहे, तिथे ही डिग्री मिळते. पण अमेरिकेत सरकारी कंट्रोलर व्हायला तिथलं नागरिकत्व लागतं. आणि आपल्याकडे ती डिग्री कोणी मागतच नाही. इथली भरती भारतीय विमानपत्तन प्राधिकरण करतं, पदाचं नाव ज्युनियर एक्झिक्युटिव्ह. फिजिक्स-मॅथ्स घेऊन केलेली बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग चालतं. खुल्या गटाला वयाची अट २७. मुलीला एकच सांगा, गणित सोडू नकोस. दोन्ही विषय मार्कशीटवर दिसले पाहिजेत. केवळ यापायी अर्ज बाद झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

खरं शिक्षण निवड झाल्यावर सुरू होतं. प्राधिकरणाची केंद्रं प्रयागराजला, हैदराबादला आणि आपल्या गोंदियाला आहेत. मी गोंदियाची.

तिथला एक दिवस सांगते. रडारशिवायचा सराव चालू होता. समोर फक्त स्ट्रिपा, म्हणजे एकेका विमानाची एकेक कागदी पट्टी, आणि कानाला हेडसेट. पलीकडच्या खोलीत सूडो पायलट, म्हणजे पायलटची भूमिका करणारे, बसलेले. मी एका विमानाला फ्लाइट लेव्हल १०० पर्यंत, म्हणजे साधारण दहा हजार फुटांपर्यंत, उतरायला सांगितलं. रीडबॅक, म्हणजे पायलटने सूचना परत म्हणून दाखवणं, आला ९० चा. मी दुसऱ्याच स्ट्रिपवर लिहीत होते, कानावर पडलं पण डोक्यात शिरलं नाही. ९० वर समोरून दुसरं विमान येत होतं. सरांनी सराव तिथेच थांबवला. रीडबॅक मुद्दाम चुकवायला त्यांनीच सांगितलं होतं.

सर ओरडले नाहीत. त्यांनी हरियाणातल्या चरखी दादरीजवळची विमानांची टक्कर सांगितली. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४ हजार फुटांवर, उतरणाऱ्या कझाक विमानाने १५ हजारांवर थांबायचं. ते थांबलं नाही. ३४९ माणसं गेली. कंट्रोलरने सूचना बरोबर दिल्या होत्या, पण तेव्हा दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, पायलटच्या शब्दावरच सगळं चालायचं. त्या दिवसापासून पायलट आकडा परत म्हणत असताना माझं पेन हलत नाही.

हे कुठल्याही डिग्रीत शिकवता येईल असं मला वाटत नाही. ट्रेनिंग संपलं तरी पोस्टिंगच्या जागी पुन्हा शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, मग रेटिंग, म्हणजे तिथे स्वतंत्रपणे काम करायची परवानगी, मिळतं. तोवर शेजारी सीनियर बसलेला असतो.

लेखी परीक्षेनंतर आवाजाचीही चाचणी असते. म्हणून तिला आतापासून रोज दहा मिनिटं इंग्रजी मोठ्याने वाचायला लावा, सावकाश, शब्द न गिळता. मराठी माध्यमाची असेल तरी बिचकू नका, मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतलीच. जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, त्यामुळे बी.एस्सी. झाल्यावर एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवलेला बरा. रात्रपाळीबद्दल तिला काही विचारायचं असेल, तर तिलाच लिहू द्या. ड्युटी संपली की उत्तर देईन.