भाच्याचा चष्मा आणि तुमची सही

प्रश्न: वय ५६, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत. भाच्यानं कुपवाड एमआयडीसीत स्मार्ट चष्म्याची कंपनी काढली आहे. मी नमुना घालून बघितला, मशीनचं ड्रॉइंग डोळ्यांसमोर तरंगायला लागलं; कारखान्यांना विकणार म्हणतो. त्याला १२ लाख भांडवल हवंय, शिवाय बँकेच्या ४० लाखांच्या कर्जाला जामीन म्हणून माझी सही. मुदत ठेवी ३० लाखांच्या, मुलीचं लग्न दोन वर्षांवर. नाही म्हटलं तर बहिणीला काय सांगू?

उत्तर: चष्मा घातला आणि मशीनचं ड्रॉइंग डोळ्यांसमोर तरंगायला लागलं, असं तुम्ही लिहिलंय. ट्यूबलाइटच्या खोलीत ना? आता तोच घालून भर दुपारी बाराला यार्डाच्या आवारात उभे राहा. असल्या काचेत, तिला वेव्हगाइड म्हणतात, बारक्या डिस्प्लेचा बहुतेक प्रकाश वाटेतच गळतो. उन्हात दिसावं म्हणून तो वाढवला की बॅटरी लवकर संपते आणि कानशिलापाशी दांडी तापते. भल्याभल्यांची इथं दमछाक झालीय. गूगल ग्लास २०१३ मध्ये १,५०० डॉलरला आला, २०१५ च्या जानेवारीत सामान्य गिऱ्हाइकाला मिळेनासा झाला. पुढे कारखान्यांपुरता उरला, तोही २०२३ मध्ये बंद.

कारखान्यांना विकायचं भाच्याचं डोकं मला पटतं. फाउंड्रीतल्या फिटरचे दोन्ही हात गुंतलेले असतात. (त्याला नंबरचा चष्मा असेल तर काय, हेही विचारा.) पण नमुना बघून 'छान आहे, कळवतो' म्हणणारी माणसं तुम्ही यार्डात रोज बघता.

म्हणून १२ ऐवजी ४ लाख. दोन आता, उरलेले दोन, एखाद्या कारखान्यानं रोख मोजून दहा चष्मे घेतले आणि तिसऱ्या महिन्यातही ते कपाटात गेले नाहीत, तर. शेअर रीतसर नावावर करून घ्या. प्रायव्हेट कंपनीचे शेअर सहजी विकले जात नाहीत, तेव्हा हे ४ लाख गेलेच असं समजून वहिनींना आधी सांगा.

सही मात्र अजिबात नको. शेअरमध्ये घातले तेवढेच बुडतात. जामिनात ४० लाख आणि वर व्याज, म्हणजे तुमच्या ठेवींपेक्षा जास्त. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच; बँक थेट तुमच्या दारात येऊ शकते. छोट्या उद्योगांना तारण आणि तिऱ्हाइताचा जामीन न घेता कर्ज मिळावं म्हणून सीजीटीएमएसई योजना आहे, भाच्याला बँकेकडे त्या योजनेखाली कर्ज मागू द्या. बँकेनं तरीही नकार दिला, तर कारण त्याच्याच तोंडून ऐका.

बहिणीकडे तुम्ही स्वतः जा, भाचा पोहोचायच्या आत. आणि उन्हात काय दिसलं, ते मला कळवा.