अँजिओप्लास्टीनंतर जोर-बैठका मारल्या तर चालतील का?

प्रश्न: बाबा 61 वर्षांचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला. दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टर नुसतं 'व्यायाम करा' म्हणाले. बाबा म्हणतात जोर-बैठका सुरू करतो, आई जिना पण चढू देत नाही. एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट नेमकं काय करतात, आणि आपल्याकडं कुणाला दाखवायचं? (वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर: आईंची भीती कळते हो, पण माणसाला नुसतं बसवून ठेवलं की ताकद जाते, दम लवकर लागतो आणि मग भीती अजून वाढते. आणि बाबांनी पण जुन्या ताकदीवर हिशोब करू नये, कारण जोर मारताना श्वास कोंडला जातो आणि बीपी एकदम वर जातं, ते आत्ता नको.

एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टचं काम म्हणजे गोळीसारखा व्यायामाचा पण डोस ठरवणं. ऑस्ट्रेलियात हा वेगळा, मान्यताप्राप्त पेशा आहे. आपल्याकडं हे काम बहुतेक कार्डिओ-रेस्पिरेटरी फिजिओथेरपिस्टच करतात, तेव्हा तुमच्या कार्डिओलॉजिस्टनाच 'कार्डिॲक रिहॅबसाठी, म्हणजे हृदयाच्या उपचारानंतर देखरेखीखालच्या व्यायामासाठी, कुणाकडं पाठवता?' असं सरळ विचारा. तिथं सहसा 6 मिनिटं सपाट जागेवर चालवतात, आधी आणि नंतर नाडी, बीपी, ऑक्सिजन बघतात, किती मीटर चालले ते लिहितात आणि एकूण किती श्रम वाटले ते 6 ते 20 च्या बोर्ग स्केलवर, म्हणजे श्रम आकड्यात सांगायच्या पट्टीवर, विचारतात. त्यावरून किती चालायचं, वजन कधी उचलायचं ते ठरतं.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी राहते, त्यामुळं 220 वजा वय करून घड्याळात टार्गेट गाठायला जाऊ नका. रंकाळ्यावर चालताना बाबांना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, हे माप सोपं आणि बऱ्यापैकी खरं. सुरुवातीला 5 मिनिटं हळू, शेवटी पण हळू, एकदम थांबायचं नाही. शुगर असेल आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर निघण्याआधी शुगर बघा, खिशात साखर ठेवा.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर, गार घाम, यातलं काहीही झालं तर लगेच थांबायचं, आणि थांबूनही कमी नाही झालं तर 108 ला फोन, उद्या बघू म्हणायचं नाही.

रिहॅबला जाताना डिस्चार्ज कार्ड, इको रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. जोर-बैठकांचं पण तिथंच स्पष्ट विचारा, काही महिन्यांनी बैठका कमी करून, श्वास न कोंडता परवानगी मिळू शकते. आणि आईंना सोबत न्याच, 6 मिनिटं चालून बाबा नीट बसलेले त्यांनी स्वतः बघू देत.