बीए झालंय, पुरातत्त्वात एमए करायचं आहे, नागपूरला राहतो. काही फंडिंग मिळतं का, की लोन काढून युकेला जावं?

लोन हा शब्द दिसला म्हणून लिहून राहिलो, नाहीतर असे प्रश्न मी सोडून देतो.

माझ्याकडे युकेच्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर होतं, एका वर्षाच्या एमएचं. काकांनी बेसा साइडचा प्लॉट तारण ठेवतो म्हणून सांगितलं, तेही सगळ्या घरासमोर. बँकेत गेलो. मॅनेजरनी फाइल चाळली, फीच्या पानावर पेन आडवं ठेवलं आणि विचारलं, हे शिकून नोकरी कुठं लागते? मी नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांपासून (दगडं गोल मांडून केलेल्या जुन्या दफनांपासून) सुरू केलं, मनसरचं उत्खनन झालं, नगरधनला सापडलेली वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची मुद्रा झाली, माणूस ऐकून घेत होता बरं का, पण मधेच काका म्हणाले, "साहेब, दगडं तं इथंच लै पडले आहेत, हा इंग्लंडले कायले जाऊन राहिला?" दोघंही हसले. फाइल काकांनी काखेत मारली, विषय संपला.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात जेवताना काका ऐकवतात, "मी याला कर्जातून वाचवलं." वाचवलं, मान्य. पण कारण साफ चुकीचं होतं. पाउंडात खर्च केलेलं कर्ज रुपयातल्या पगारातून फेडायचं असतं, आणि या लायनीत सुरुवातीची कामं बहुतेक कंत्राटी असतात, म्हणून लोन नको. विषय फालतू आहे म्हणून नाही. महुरझरीची जुनी दफनं, नायकुंडची लोखंड गाळायची भट्टी, पवनीचे स्तूप, हे सगळं तुला एसटीच्या तिकिटात पाहायला मिळतं. एमए इथंच कर. उत्खननाच्या कॅम्पवर खापरं टूथब्रशने धुवायची, वाळली की प्रत्येकावर काळ्या शाईनं साइट, ट्रेंच (खणलेला चर), लेयर (मातीचा थर) बारीक अक्षरात टाकायचं, हे हाताला बसलं पाहिजे, ते लंडनच्या वर्गात बसत नाही.

पैशाचं म्हणशील तर एमएची फी हा प्रश्नच नाही, खरा खर्च राहण्या-जेवण्याचा, तो नागपुरात वाचतो. यूजीसीची पीजी स्कॉलरशिप आहे, महिन्याला 15,000, वर्षाचे 10 महिने, पहिल्या वर्षालाच अर्ज करावा लागतो. कॅटेगरीत असशील तर महाडीबीटी, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपचं पोर्टल. पण खरं फंडिंग एमएनंतर सुरू होतं. नेटला (यूजीसीच्या पात्रता परीक्षेला) पुरातत्त्वाचा स्वतंत्र पेपर आहे, इतिहासाचा देऊ नको, तिथं गर्दी मरणाची. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली की पीएचडीला महिना 37,000. माझी पहिली जेआरएफ जमा झाली तेव्हा काकांना मेसेज दाखवला, तर म्हणतात, सरकार दगडाचेबी पैसे देते का? देते काका. एएसआयचा (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा) ग्रेटर नोएडाचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे, त्याला स्टायपेंड मिळतो, पण तोही एमए झाल्यावरच.

बाहेर जायचंच असेल तर फुल फंडिंगवर जा, नाहीतर जाऊ नको. चेव्हनिंगला (ब्रिटिश सरकारच्या स्कॉलरशिपला) दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो, म्हणजे तू आत्ता बादच. जे. एन. टाटा एन्डोमेंट चांगली आहे पण ते कर्जच आहे, परत करावं लागतं. एससी असशील तर केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या भरवशावर राहू नको, 2022 पासून भारताचा इतिहास-संस्कृती असले विषय त्यातून काढून टाकलेत (यावर वेगळं उत्तर लिहीन, शिव्यांसकट). राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती बघ.

हां, एक राहिलं. तुझा बीएस्सीचा पाया असेल आणि धातू, रंग, काच यांच्या लॅबमधल्या तपासणीत शिरायचं असेल तर माझं वरचं सगळं अर्धं बाजूला ठेव, त्यासाठी युरोपातला आर्कमॅट हा इरॅस्मस मुंडसचा (युरोपियन युनियनच्या स्कॉलरशिप योजनेतला) कोर्स खरंच बघण्यासारखा आहे. पण तू बीए लिहिलंयस.

स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. रिझल्ट लागले की सेतूवर पाय ठेवायला जागा नसते.